प्रोबेशनवरचं नाक

सहदेव घाडीगावकरला नोकरी मिळाली ती नाकामुळे. रसायनशास्त्राची बी.एस्सी. पदवीही होती, पण ती मुलाखतीत कोणी उघडून पाहिली नाही. अंधेरीच्या एमआयडीसीत दादू परब यांचा सुगंधी अर्कांचा छोटा कारखाना होता. उदबत्तीला मोगरा, सुपारीला केवडा आणि शाळेबाहेरच्या गोळ्यांना संत्रं तिथून जायचं. परबसाहेबांनी त्याच्यापुढे दहा बाटल्या ठेवल्या आणि त्याने दहाही ओळखल्या. साहेब म्हणाले, "सहा महिने प्रोबेशन. मग कायम."

काम सोपं होतं. रोज सकाळी अकराला कागदाच्या दोन पट्ट्या त्याच्यासमोर यायच्या. एक जुन्या, पसंत केलेल्या बाटलीत बुडवलेली, दुसरी नव्या मालात. दोन्ही हुंगायच्या आणि चिठ्ठीवर 'तोच' किंवा 'तो नव्हे' एवढंच लिहायचं. 'तो नव्हे' आलं की माल परत भट्टीवर. सहा महिन्यांतले पाच संपले होते आणि सहदेवची एकही चिठ्ठी चुकली नव्हती.

अडचण अशी की हे नाक अर्धं बंद होतं.

रोज दुपारी डोकं ठणकायचं म्हणून तो पालिकेच्या रुग्णालयात गेला. डॉक्टरीणबाईंनी आत दिवा धरला आणि विचारलं, "नोकरी काय करता?"

"वास घेतो."

बाई हसल्या. मग तो गंभीर आहे हे पाहून त्यांनी पुन्हा दिवा धरला. "मधला पडदा पूर्ण डावीकडे वाकलाय. डावी नाकपुडी नावापुरती आहे. ऑपरेशन करून टाका. गणपतीत या, वॉर्ड रिकामा असतो, निम्मे पेशंट कोकणात जातात. चार दिवस राहावं लागेल."

सहदेवने घरी येऊन खात्री केली. नाकाखाली आरसा धरून श्वास सोडला आणि वाफेचे डाग फूटपट्टीने मोजले. उजवीकडे साडेचार सेंटिमीटर. डावीकडे मोजण्यासारखं काही नव्हतं. हा प्रयोग त्याने तीनदा केला. चौथ्यांदा करताना आईने आरसा काढून घेतला.

मग वहीत दोन रकाने आखले. 'सांगावे' आणि 'सांगू नये'. 'सांगू नये'खाली सात कारणं जमली, त्यातलं पहिलं असं की वडिलांची गिरणी संपानंतर उघडलीच नव्हती आणि घर त्याच्या पगारावर चालत होतं. 'सांगावे'खाली एकच ओळ आली, 'खरे आहे'. ती त्याला शास्त्रीयदृष्ट्या पुरेशी वाटेना.

ही वही त्याने स्टोअर सांभाळणाऱ्या भीमराज साळवेला दाखवली. भीमराजने चहा संपेपर्यंत वाचली.

"येडा आहेस काय? ज्याला नाकासाठी ठेवलाय तो नाक बिघडलंय म्हणून सांगत जाणार? वाट लागेल ना."

"मग रजा कशाची मागू?"

"अरे, तारीख गणपतीतली आहे ना? तू कोकणातला. गावी जातो म्हण. गणपतीच्या रजेला या कंपनीत कोणी कारण विचारतं का? मी बारशाची रजा मागितली तर बाळाचा फोटो मागतात."

युक्ती झकास होती. सहदेव त्याच दुपारी अर्ज घेऊन केबिनमध्ये गेला.

परबसाहेबांची एक रीत सगळ्या कारखान्याला ठाऊक होती. ते खूश असले की मालवणी बोलत. रागावले की पुस्तकी मराठी आणि 'तुम्ही'. अर्ज वाचून त्यांचा चेहरा उजळला.

"गावाक जातलंस? शाब्बास! हल्लीची पोरां गावाक जाणत नाय. खंयचा गाव तुझा? कणकवलीच्या अलीकडे? अरे, माझ्या वाटेवरच! यष्टीत कित्याक मरतंस? माझ्या मोटारीत जागा आसा. सकाळी पाचाक तुका घाटकोपराक उचलतंय."

"साहेब, नको... तुम्हाला त्रास."

"त्रास कसलो?"

"मला मोटार लागते."

"पुढे बस. लिंबू ठेवतंय."

"सामान फार आहे."

"वर कॅरिअर आसा!"

सहदेव बाहेर आला तेव्हा त्याला गावच्या दारापर्यंत जागा, वाटेत चिपळूणला जेवण आणि दुसऱ्या दिवशी साहेबांकडे आरतीचं आमंत्रण मिळालेलं होतं.

"सुतक लागलं म्हण," भीमराज म्हणाला. "गणपतीला जाणं रद्द, रजा सुतकाची. गावी कोणीतरी म्हातारा असेल ना?"

सहदेवने रात्री जेवताना वहीच्या मागच्या पानावर नातेवाइकांची यादी केली. जवळचे हवेत, नाहीतर सुतक पुरेसं लागत नाही. पण फार जवळचे नकोत, नाहीतर साहेब भेटायला घरी येतील. शेवटी थोरल्या काकांपाशी येऊन तो थांबला. आई रत्नप्रभा मागे भात घेऊन उभी होती.

"ह्या काय लिवलंस?"

त्याने सांगितलं. सगळंच सांगितलं.

"देवाच्या नावान खोटा बोललंस. आता जित्या काकाक मारतंस? आणि तो परब वाटेत तुझ्या काकाच्या घरात पाणी पियाक थांबलो तर? काको पाणी घेऊन भायर येतलो!"

ही शक्यता सहदेवच्या एकाही रकान्यात नव्हती.

"जा, सांग सरळ. तो साहेब तुका खातलो काय?"

दुसऱ्या दिवशी अकराच्या पट्ट्या येण्याआधीच तो केबिनमध्ये गेला. उभ्या उभ्या सगळं बोलला. गाव, मोटार, पडदा, साडेचार सेंटिमीटर.

परबसाहेबांनी चष्मा काढला. "बसा, घाडीगावकर."

पुस्तकी मराठी. सहदेव खुर्चीच्या कडेवर बसला.

साहेबांनी कपाटातून मोगऱ्याची बाटली काढली, पट्टी बुडवली. "उजवी बाजू दाबून धरा. काय येतं?"

"काही नाही."

"आता डावी दाबा."

"मोगरा. गेल्या आठवड्यातला. थोडा जास्त तापलेला."

साहेबांनी पट्टी स्वतः हुंगून पाहिली. "म्हणजे पाच महिने तुम्ही एकाच नाकपुडीने पास-नापास करताय. आणि गिऱ्हाईकाची एक तक्रार नाही."

"हो साहेब."

"मग ऑपरेशन करायचं नाही."

सहदेवला वाटलं आपण ऐकण्यात चुकलो. "साहेब?"

"मी हे नाक पारखून घेतलंय! दुरुस्त केलेलं नाक मला ठाऊक नाही. उद्या दुसरी बाजू उघडली आणि तुम्हाला सगळाच मोगरा जास्त वाटायला लागला, तर? दिवाळीची ऑर्डर तोंडावर आलीय."

नोकरी जाईल याची उत्तरं सहदेवने रात्रभर पाठ केली होती. नाक फार चांगलं आहे असं ऐकावं लागेल, हे त्याने धरलंच नव्हतं. डोकं मात्र आज सकाळीच ठणकू लागलं होतं. तो म्हणाला, "साहेब, रोज दुपारी दोननंतर मला डोळे उघडवत नाहीत. तुम्ही पट्ट्या अकराला देता म्हणून चालतं. मी ऑपरेशन करणार आहे."

बोलून झाल्यावर तोच घाबरला. मग घाईघाईने पुढे म्हणाला, "पण आपण मोजू या. आज वीस बाटल्या हुंगून प्रत्येकीचा वास किती तीव्र, ते लिहून ठेवतो. बरा झाल्यावर त्याच वीस, नंबर झाकून. फरक पडला तर कळेलच. आणि डावी बाजू कापसाने बंद करता येते, साहेब. उघडी केलेली परत बंद करणं सोपं आहे."

परबसाहेबांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला. मग टाइपिस्ट प्रेमाबाईंना हाक मारली आणि तिथल्या तिथे पत्र सांगितलं. साहेबांची सही झाल्यावर सहदेवने ते दोनदा वाचलं.

'श्री. सहदेव घाडीगावकर यांना एक तारखेपासून नोकरीत कायम करण्यात येत आहे. चार दिवसांची रजा मंजूर. त्यांचे नाक मात्र पुढील तीन महिने प्रोबेशनवर राहील.'

तो आभार मानून दारापर्यंत गेला. तिथे थांबला. पत्र पुन्हा वाचलं आणि मागे वळला.

"साहेब, एक शंका आहे. उजवी नाकपुडी तर जुनीच राहणार. तिचं कामही तुम्ही पाहिलंय. मग प्रोबेशन फक्त डावीला धरायचं का?"

"भायर जा!" परबसाहेब ओरडले.

दार लावून घेताना सहदेवच्या लक्षात आलं, की हे मालवणीत होतं.