बाबूसाठी राखलेलं

ऐंशी सालचा उन्हाळा. येडशीजवळच्या त्या गावात दूध सोसायटीच्या दारात कडब्याचा ट्रक उभा होता आणि चेअरमन महारुद्रनाना स्वतः वाटप करीत होते. कडबा थोडा, जनावरं फार.

"नाना, माझी बैलं अजून उभी हायेत," सोमलिंग म्हणाला. "पर म्होरच्या महिन्याचं काय? माझा वाटा आत्ताच बाजूला ठिवा."

"ज्याचं जनावर आज खाली बसलंय त्याला आधी," नाना म्हणाले. "उद्याच्या भ्यावानं आजचं मारायचं न्हाय."

लोकांनी माना डोलावल्या. नानांचा न्याय असाच असे.

समोरच्या ओट्यावर बसून त्यांची लेक मुक्ता हे ऐकत होती. एकोणीस वर्षांची पोर. चेहरा सुजलेला, पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा. लग्नाला वर्ष व्हायच्या आत सासरच्यांनी तिला माहेरच्या एसटीत बसवून दिलं होतं.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात निदान झालं होतं. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. रक्त शुद्ध करणारी यंत्रं मोजकी आणि रोगी रांगेत. जवळच्या कुणी आपलं एक मूत्रपिंड दिलं तर मुलगी वाचेल, असं डॉक्टरांनी आईबापांना खोलीत बोलावून सांगितलं. नानांचं रक्त जुळलं नाही. तिच्या आईचं, मथुराबाईंचं, सगळं जुळलं.

"मग माझा गुर्दा घ्या," मथुराबाई म्हणाल्या. "आत्ता घ्या."

डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात यायला सांगितलं. हा आजार काही घरांत रक्तातून येतो, म्हणून त्यांनी मुक्ताच्या चौदा वर्षांच्या भावाला, बाबूलाही तपासलं. त्याला काही नव्हतं. निघताना नानांनी विचारलं, "ह्याला उद्या व्हणार न्हाय ना?"

"आज मुलगा निरोगी आहे. उद्याची हमी मी देऊ शकत नाही," डॉक्टर म्हणाले.

त्यांचं हे सरळ उत्तर घरानं घट्ट धरून ठेवलं.

घरी नाना जेवत होते, मथुराबाई भाकरी थापत होत्या. सासू धुरपताबाई चुलीपाशी येऊन बसल्या. "मथुरे, गुर्दा एकदाच देता येतो. पोरीला दिलास अन् उद्या बाबूचं तोंड सुजलं, तर त्याला काय देशील?"

"पर आज ती मरायलीय, आत्या."

"पोरगी दिल्या घरची. आपलं घर कुणी चालवायचं?"

मथुराबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. बाहेर सगळ्या गावाचा निवाडा करणारा माणूस ताटाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "घाई नको. पेरणी हू दे. मग बघू."

त्या घरात 'नाही' हा शब्द कुणीच उच्चारला नाही. पेरणी झाली, पंचमी झाली, पोळा आला. मथुराबाई रोज ठरवायच्या, आज बोलू. आणि सासूच्या पुढ्यात चहा ठेवून गप्प परत यायच्या.

एक दिवस मुक्ता म्हणाली, "नाना, खाली बसलेल्या जनावराला तुमी आधी कडबा देता. म्या कवाची खाली बसलेय."

नाना उठले, टोपी घातली आणि बाहेर निघून गेले.

भादव्यात तिला दम लागू लागला. आईच्या मांडीवर डोकं ठेवून तिनं विचारलं, "माय, तुझा गुर्दा जुळला न्हाय व्हय गं?"

मथुराबाईंच्या तोंडातून निघून गेलं, "न्हाय जुळला, बाई."

"मंग बरं," मुक्ता म्हणाली. "मला वाटलं…"

संध्याकाळी ती गेली. बाबूला, भावकीला, गावाला तेच सांगण्यात आलं: आईचा गुर्दा जुळला नाही.

त्यानंतर मथुराबाई उजव्या कुशीवर कधी झोपल्या नाहीत. तिथं कुणीतरी निजलंय असं त्यांना वाटे. दळताना, पाणी शेंदताना, ऐन दुपारी भरल्या घरात कानाशी आवाज येई, "मंग बरं." त्या मागं वळून बघत. सून आल्यावर तिलाही सासूची ही खोड ठाऊक झाली. कारण मात्र कुणी सांगितलं नाही.

आठ वर्षं गेली. धुरपताबाई वारल्या. बाबूचं तोंड कधी सुजलं नाही. आणि नानांचा धाकटा भाऊ बिभीषण याची आईवेगळी पोर, सोळा वर्षांची गुलाब, तशीच सुजली. बिभीषणाचं रक्त तिच्याशी जुळेना.

मथुराबाईंनी कुणाला विचारलं नाही. दिराबरोबर त्या बार्शी लाइनच्या गाडीत बसल्या आणि मुंबई गाठली. नव्या तरुण डॉक्टरांनी त्यांना तपासलं. रक्तदाब फार वाढलेला होता. "तुमचं मूत्रपिंड काढता येणार नाही, बाई. तुमच्या जिवाला धोका आहे."

"म्हंजी ते आता कुणाच्याच कामाचं न्हाय?"

"तुमच्या कामाचं आहे की," डॉक्टर हसून म्हणाले. मथुराबाई तिथंच जमिनीवर बसल्या. डॉक्टरांना कळेना, आपण असं काय बोललो.

त्या परत आल्यावर बाबू म्हणाला, "मी जातो. माझं तपासा म्हणावं."

नाना ताडकन उठले. "खुळा झालास का? तुझ्यासाठी आमी पोटची पोर जाऊ दिली, अन् तू…"

बाबूची बायको दारात थिजून उभी राहिली.

"माय," बाबूनं हळू विचारलं, "ताईला तुझा गुर्दा जुळत व्हता?"

"व्हय."

"माझ्यासाठी राखला?"

मथुराबाईंनी मान हलवली. बाबू भिंतीला टेकला. म्हणाला, "मला कुणी इचारलंच न्हाय."

पुढच्या आठवड्यात तो मुंबईला गेला. बायको रडली, पण तिनं त्याला अडवलं नाही. त्याचं सगळं जुळलं. ऑपरेशनच्या दिवशी नाना दवाखान्याच्या बाकावर बसून होते. बाबू आणि गुलाब दोघं ठीक आहेत असा निरोप आला, तेव्हा त्यांनी बायकोकडं न बघता विचारलं, "आपली बी वाचली असती का गं?"

"व्हय," मथुराबाई म्हणाल्या. धीर द्यायला त्यांच्याजवळ काही नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी तो दिला नसता.

गुलाब पुन्हा शाळेत जाऊ लागली. उजव्या कुशीतलं निजलेलं माणूस मात्र उठलं नाही.

पुढच्या साली शेजारच्या गावातून बातमी आली. एका पोरीला हाच आजार झाला होता, आईचं रक्त जुळलं होतं, आणि घरातली माणसं "बघू" म्हणत होती. मथुराबाई भर उन्हात चालत तिथं गेल्या. अंगणात पुरुष बसले होते. पोरीची आई उंबऱ्याआड उभी होती. मथुराबाईंनी मुक्ताची सगळी हकीकत सांगितली, "जुळला न्हाय" म्हटल्याचंसुद्धा.

घरचा म्हातारा चिडून म्हणाला, "बाई, हा आमच्या घरातला मामला हाय."

"व्हय," मथुराबाई म्हणाल्या. "माझा बी घरातलाच व्हता."

आणि उठून त्या उंबऱ्याआडच्या बाईपाशी जाऊन बसल्या.