मागून येणारी जीप

शिपरॉक गाव मागे पडलं, वाऱ्याला मोकळं रान मिळालं आणि मागची जीप पुन्हा नागमोडी चालायला लागली. आर्डिथनं रस्त्यावरची नजर क्षणभर काढून समोरच्या छोट्या पडद्यावर टाकली. घरगाडीच्या पाठीला लावलेल्या कॅमेऱ्यात, दांड्यानं जोडून मागे ओढत आणलेल्या रिकाम्या जीपचं तोंड दिसत होतं. आधी डावीकडे गेलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. प्रत्येक हिसक्यासरशी एवढी थोरली घरगाडीसुद्धा कंबरेत लचकल्यासारखी हलत होती.

"तू स्टिअरिंगशी मारामारी करतेस," शेजारून तिचा नवरा लोवेल म्हणाला. "जाऊ दे की गाडीला तिच्या मनानं."

"मी नुसतं धरलंय, लोवेल."

"मग एवढं धरू नकोस."

गेल्या ऑक्टोबरपर्यंत या सीटवर लोवेल बसायचा. एकतीस वर्षं फार्मिंग्टनमध्ये काउंटीची रस्ते करायची अवजड यंत्रं त्यानं दुरुस्त केली होती. नुसत्या आवाजावरून तो इंजिनाचं दुखणं सांगायचा. पण ऑक्टोबरात पोस्टात जातो म्हणून बाहेर पडलेला माणूस संध्याकाळी अ‍ॅझ्टेक या दुसऱ्याच गावच्या पेट्रोल पंपावर सापडला, आणि फेब्रुवारीत डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून त्या आजाराचं नाव सांगितलं. परतताना लोवेल एवढंच म्हणाला होता, "डोकं विसरेल. हात नाही विसरायचे." त्या हातांचा पुरावा गॅरेजमध्ये उभाच होता: हिवाळाभर खपून त्यानं जीप चार इंच उंच केली होती. नवे स्प्रिंग, चाकांचा अ‍ॅक्सल जागेवर धरणारे नवे आर्म, गुडघ्याएवढे टायर. दर एप्रिलला मोआबच्या खडकांत जुनी मंडळी आपापल्या जीप घेऊन जमत, तिथं त्याला ती मिरवायची होती.

एका चढापाशी आर्डिथनं गाडी कडेला घेतली. लोवेल खाली उतरला, टायरची हवा तपासली, पुढच्या दोन्हींत थोडी वाढवली. दहा मैल बरं चाललं, मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदा थांबल्यावर त्यानं ओढायच्या दांड्याचे बोल्ट आवळले. तिसऱ्यांदा नुसताच पाना हातात धरून जीपसमोर उभा राहिला. आर्डिथ पडद्यावर बघत होती. तो बराच वेळ तसाच उभा होता. परत आला तेव्हा म्हणाला, "वारा आहे. पंचेचाळीसच्या वर जाऊ नकोस."

तिला दांडा दिसत होता. जीप उंच झाली होती, घरगाडी होती तिथंच होती, त्यामुळे मधला दांडा मागे वर चढत गेला होता. तो सपाट हवा, एवढं चाळीस वर्षं त्याच्या शेजारी बसून तिलाही कळत होतं. त्यासाठी पायरीसारखा वाकवलेला एक लोखंडी तुकडा लोवेलनं जानेवारीत मागवलाही होता. तो तिला परवा सापडला. कुठं, तर घरगाडीच्या ओव्हनमध्ये, टॉवेलात नीट गुंडाळून ठेवलेला. तिनं तो उचलून मागच्या कपाटात ठेवला आणि विषय काढला नाही. विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता, याचीच तिला भीती वाटली होती.

कॉर्टेझ गावाच्या अलीकडे एक मालट्रक बाजूनं गेला आणि जीपनं असा झोका घेतला, की कपाटातली भांडी खणखणली. आर्डिथनं वेग चाळीसवर आणला.

"रेनेल्डाकडे थांबू या," ती म्हणाली.

"कशाला? माझी जीप मी दुसऱ्याला दाखवू?"

"मला कॉफी हवीये, लोवेल. आणि ती पोर तुला बघून खूश होईल."

रेनेल्डा यलोहेअरचं गॅरेज गावाच्या तोंडाशीच होतं. तिचा बाप विल्बर्ट काउंटीच्या वर्कशॉपमध्ये लोवेलच्या हाताखाली शिकला होता, आणि बापाच्या मागे मागे येऊन सात वर्षांची रेनेल्डा लोवेलच्या हत्यारांच्या पेटीवर बसून राहायची. आता तिची चाळिशी आली होती, हाताखाली दोन माणसं होती. लोवेलला बघताच ती हात पुसत धावत आली.

"लोवेलकाका! हे काय, एवढी उंच? आता चढायला शिडी लागेल तुम्हाला!"

"शिडी म्हाताऱ्यांना लागते," लोवेल म्हणाला. "विल्बर्ट कसाय?"

"बाबा बरे आहेत. मेंढ्या राखतात आणि माझ्या कामात खोडी काढतात."

लोवेल हसला. तो आत कॉफी घ्यायला गेला, तेवढ्यात आर्डिथनं रेनेल्डाचा दंड धरला आणि दोन वाक्यांत त्याच्या आजाराचं आणि जीपचं सगळं सांगितलं. रेनेल्डाचा चेहरा उतरला. मग तिनं जीप आत घेऊन वर उचलली आणि दिवा घेऊन खाली शिरली.

आर्डिथ तिच्या मागे उभी होती. रेनेल्डानं एकाच जागी तीनदा दिवा फिरवून बघितलं, ते काही बरं लक्षण नव्हतं.

"काकू, हे बघा." तिनं खालच्या दोन आर्मवर दिवा धरला. "हे लांबी बदलता येणारे आहेत. डावा उजव्यापेक्षा बोटभर लांब राहिलाय. आणि ती लांबी पक्की धरणारे चेकनट आवळलेलेच नाहीत, हातानं फिरतायत. पुढचा अ‍ॅक्सल तिरपा बसलाय." मग ती सावकाश म्हणाली, "सायकलचा चिमटा मागे कललेला असतो ना, म्हणून हात सोडले तरी चाक सरळ येतं? तसाच कल इथंही लागतो. गाडी उंच केली की तो कमी होतो, आर्म लांब करून परत आणायचा असतो. इथं तो उरलाच नाही. ओढली जाताना ही चाकं स्वतःहून सरळ होणारच नाहीत."

"हवा, वारा, काही नाही?"

"ते सगळं वरवरचं." रेनेल्डानं दिवा पुढे सरकवला आणि तिचा आवाज बारीक झाला. "आणि हे. स्टिअरिंगच्या दांडीचा नट. तो सुटू नये म्हणून यात स्प्लिट पिन घालायची असते, ती घातलेलीच नाही. नट दोन आटे मागे आलाय. काकू, हा निघाला असता तर एक चाक एकीकडे, दुसरं दुसरीकडे..."

आर्डिथनं जीपच्या टायरला हात टेकवला. काकांनीच मला पिन घालायला शिकवलं होतं, असं काहीतरी रेनेल्डा पुटपुटत होती.

"त्याला सांगू नकोस," आर्डिथ म्हणाली. "आर्म बनवतानाच चुकलेत म्हण. माल खराब आला म्हण. काहीही म्हण."

"काकू, मला नाही जमायचं."

"जमव गं बाई. एवढंच कर."

लोवेल कॉफीचे तीन पेले घेऊन आला. रेनेल्डानं जमवायचा प्रयत्न केला. हल्ली माल कसा येतो, आटे कसे कच्चे असतात, हे ती त्याच्या छातीवरच्या बटणाकडे बघत सांगत राहिली. लोवेलनं सगळं ऐकलं, मान डोलावली, "हल्ली असंच," म्हणाला आणि घरगाडीत जाऊन बसला.

आर्डिथ मागोमाग आत गेली. तो जेवणाच्या मेजापाशी बसला होता, दोन्ही हात मेजावर उपडे ठेवून.

"विल्बर्टच्या पोरीला खोटं बोलता येत नाही," तो म्हणाला. "तू शिकवलंस तिला आत्ता."

"लोवेल..."

"डिसेंबरात एक दिवस मी जीपखाली पडलो होतो. हातात पाना होता. आणि आर्डी, मला कळेना, की आवळायला कुठल्या बाजूला फिरवायचा. कळेचना. मी तिथं तसाच पडून राहिलो, तू जेवायला हाक मारीपर्यंत."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू बंद करायला लावलं असतंस."

"हो. लावलं असतं."

"काय सापडलं तिला? खरं सांग."

तिनं आर्मचं सांगितलं, चेकनटचं सांगितलं, तिरक्या अ‍ॅक्सलचं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग तिनं पिनचं सांगितलं, आणि लोवेलच्या तोंडावरचा रंग उडाला.

"आणि मी तुला गाडी चालवायला बसवलं," तो म्हणाला. "वर तुलाच बोल लावला."

तो उठला. आर्डिथला वाटलं, आता हा रस्त्यानं चालू लागेल. पण तो सरळ गॅरेजमध्ये गेला, टोपी काढून हातात घेतली आणि रेनेल्डाला म्हणाला, "दाखव मला. एकेक करून. नव्या माणसाला दाखवतात तसं."

रेनेल्डानं दाखवलं. डावा आर्म, उजवा आर्म, नट. तो प्रत्येक जागी बोट लावून बघत होता. पिनच्या रिकाम्या भोकापाशी त्यानं बोट ठेवलं ते बराच वेळ काढलं नाही. रेनेल्डाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तसा तो म्हणाला, "रडू नकोस. तुझ्या बापाला मी यापेक्षा मोठ्या चुकांवर शिव्या घातल्यात." मग थोड्या वेळानं, "आता तू आवळ. मी बघतो."

दुपार त्यात गेली. दोन्ही आर्म सारखे लांब करून कल परत आणला, चेकनट आवळले, नवी पिन घातली, चाकांचं अलाइनमेंट मोजून केलं. आर्डिथनं कपाटातून तो लोखंडी तुकडा आणून दिला. लोवेलनं तो हातात फिरवून बघितला, कुठं होता हे विचारलं नाही. तो बसवल्यावर दांडा मेजासारखा सपाट आला. विल्बर्टही मेंढ्या सोडून आला आणि दोघं म्हातारे सावलीत खुर्च्या टाकून, फारसं न बोलता, रेनेल्डाचं काम बघत बसले.

मोआबचा रस्ता धरला तेव्हा वारा होताच. आर्डिथनं वेग पंचेचाळीस केला, मग पंचावन्न. पडद्यावर जीप अशी सरळ येत होती, जणू कुणी तिच्यात बसून ती हाकतंय. स्टिअरिंगवर एक बोट पुरत होतं. आणि तेव्हाच, मॉन्टिसेलोच्या उतारावर, तिला रडू फुटलं. सकाळपासून ती जीपशी झगडत होती. जीप डुलत होती तोवर काहीतरी दुरुस्त व्हायचं बाकी आहे, अशी तिची कुठंतरी समजूत होती. आता जीप दुरुस्त झाली होती, आणि शेजारी लोवेल पडद्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत बसला होता.

"चांगली चालतेय," तो म्हणाला.

"हो."

"मग रडतेस का?"

"चांगली चालतेय म्हणून."

त्यानं तिच्या मांडीवर हात ठेवला आणि मोआब येईपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोवेल स्टिअरिंग आर्डिथला सोडून जीपच्या उजव्या बाजूनं चढून बसला. मंडळींनी एकमेकांकडे बघितलं. आर्डिथनं खडकावर आजवर जीप कधी चालवली नव्हती. पहिल्या चढाला समोर नुसतं आभाळ दिसत होतं. लोवेल कडेनं वाकून चाक बघत होता, पूर्वी बाहेर उभं राहून इतरांना बघायचा तसा.

"डावीकडे," तो म्हणाला. "जरा आणखी डावीकडे."

डावीकडे खडक संपत होता आणि खाली दरी होती. आर्डिथनं स्टिअरिंग उजवीकडे वळवलं. टायरनं दगड धरला, जीप गुरगुरत वर आली आणि माथ्यावर सपाट जागी थांबली. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"मी डावीकडे म्हणालो का?" लोवेलनं विचारलं.

तिला सहज नाही म्हणता आलं असतं.

"हो, लोवेल. डावीकडे म्हणालास."

त्यानं मान हलवली. खाली सगळीकडे लाल खडक पसरले होते, ऊन नुकतंच त्यांच्यावर उतरत होतं. "मग मी बोलत नाही आता," तो म्हणाला. "तू चालव."

तिनं गिअर टाकला आणि उतार घेतला. उतार संपेपर्यंत तो खरोखरच एक शब्द बोलला नाही.