काटेगोळ्यांचा पाहुणचार

नेपल्सजवळच्या प्रोचिदा बेटावरच्या समुद्र-प्रयोगशाळेत साव्हेरिओ कापुओझ्झो इतकी वर्षं होता, की तिथल्या पाली त्याच्या आधी आल्या की नंतर, यावर बंदरावर वाद चालायचा. साव्हेरिओ स्वतः पालींच्या बाजूने होता. "त्यांनी माझ्यापेक्षा जास्त शोध लावलेत," म्हणायचा.

जूनमध्ये तो निवृत्त होणार होता. त्याआधी एकच इच्छा होती: शेवटचा लेख छापून यावा, पहिलं नाव आपलं असावं. लेखातलं म्हणणं सोपं होतं. डायटम नावाचं सूक्ष्म शैवाल दिसायला गरीब, पण कुणी चावून खाल्लं की विष सोडतं; आणि त्या विषाने काटेगोळ्यांच्या भ्रूणांतली जनुकं ताळतंत्र सोडतात. संकटातच जागी व्हायची ती जन्माआधीच बोंब ठोकतात, सांगाडा घडवायची ती ढिम्म पडून राहतात. काटेगोळे म्हणजे खडकाला चिकटलेले जांभळे काटेरी चेंडू. सगळं बेट त्यांचा केशरी गर पावाशी खातं. साव्हेरिओ एकटाच त्यांची पोरं भिंगाखाली बघत बसतो.

परीक्षकांनी कळवलं, प्रयोग पुन्हा करून दाखवा. केला. विषाच्या पेल्यातली पोरं वाकडी निघाली, छान. पण स्वच्छ पाण्याच्या पेल्यातलीही वाकडीच. तीनदा केला, तिन्हीदा तेच. तुलनेला एक तरी धड पोर हवं ना?

साव्हेरिओने आधी पाण्याला दोष दिला, मग नेपल्सच्या बोटीच्या तेलाला, एक दिवस पौर्णिमेला. शेवटी अनिएल्लोला. अनिएल्लो हा पाणबुड्या. सव्वीस वर्षं प्रयोगशाळेला काटेगोळे तोच आणून देई.

"म्हातारा झालाय. बंदराच्या घाणीतले उचलून आणतो," साव्हेरिओ म्हणाला.

"खात्री आहे ना, प्रोफेस्सो?" इम्माकोलाताने विचारलं. एके काळची त्याची विद्यार्थिनी, आता संचालिका.

"माझ्या टकलाइतकी."

टक्कल सगळ्या बेटाला दिसत होतं. सोमवारपासून अनिएल्लोचं काम बंद, असं ठरलं.

शुक्रवारी सकाळी अनिएल्लो आला. एका हातात ताजी बादली, दुसऱ्यात पाव. भांडला नाही. त्याने बादलीतला एक काटेगोळा कात्रीने उघडला, पावाला गर लावून साव्हेरिओपुढे धरला. "खा."

साव्हेरिओने खाल्ला. गोड, समुद्रासारखा.

मग अनिएल्लोने प्रयोगशाळेच्या हौदातला एक उघडला. महिन्यापूर्वी त्यानेच त्याच खडकांवरून आणलेला. स्वतः चाखला आणि तोंड वाकडं केलं. "प्रोफेस्सो, कडू लागतोय. माझ्या बायांना तुम्ही चारताय तरी काय?"

"चारणार काय? नेहमीचं हिरवं पान," साव्हेरिओ म्हणाला, आणि त्याची नजर मोरीजवळच्या बाटलीवर गेली.

कारण पान तो देत होताच, पण संध्याकाळी घरी निघताना आणखीही काही देत होता. प्रयोगासाठी वाढवलेले डायटम रोज बाटलीभर उरायचे. ते मोरीत ओतायचे? साव्हेरिओच्या घरात उरलेला भात कधी टाकला गेला नव्हता, आणि पुरे म्हणणाऱ्या पाहुण्याला दोनदा वाढल्याशिवाय सोडलं नव्हतं. तेव्हा बाटली हौदात. वर, "खा गं पोरींनो, वाळलात," असंही म्हणायचा. पोरी खडक खरवडावा तसे ते खरवडून खात होत्या. पहिल्या प्रयोगातल्या माद्या आल्या दिवशीच वापरल्या होत्या; या खेपेच्या महिनाभर हौदात होत्या. आयांच्या पोटातलं विष अंड्यांत उतरत होतं, आणि शहाणा माणूस पौर्णिमेला शिव्या घालत होता.

त्याने अनिएल्लोच्या बादलीतल्या माद्यांची अंडी घेतली, स्वच्छ पेला मांडला. दोन दिवसांनी, रविवारी, बहिणीच्या घरचं जेवण चुकवून भिंगाला डोळा लावला. एकूण एक पोर सरळ, धड, तुरुतुरु पोहणारं. म्हणजे दोष अनिएल्लोचा नव्हता, बाटलीचा होता. इतकं सुंदर अपयश त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

गप्प बसता आलं असतं. नव्या माद्या, नवे आकडे, छापील पहिलं नाव. पण सोमवारी अनिएल्लोची पायरी बंद होणार होती.

सोमवारी तो आठ वाजताच संचालिकेच्या दारात उभा राहिला. सगळं सांगितलं, बाटलीसकट.

इम्माकोलाताने पेन खाली ठेवलं. "चाळीस वर्षं तुम्ही हे विष अभ्यासताय."

"हो."

"आणि तेच रोज जेवायला वाढत होतात."

"मीठ वेगळं घातलं नाही," साव्हेरिओ म्हणाला.

तिने ओठ दाबून हसू अडवलं. अनिएल्लोला तिने स्वतः फोन केला. मग म्हणाली, "वाकड्या पोरांची जनुकं मोजूया. आईच्या खाण्याने पोरांचं काय होतं, तेही लिहू. पण लेख जूनमध्ये होत नाही, प्रोफेस्सो. वर्ष जाईल."

"मग पहिलं नाव तुझं टाक. माझं शेवटी. आचारी म्हणून."

संध्याकाळी हौदावर तिच्या अक्षरात पाटी लागली: 'यांना कोणी काही चारू नये. विशेषतः प्रोफेसरांनी.' साव्हेरिओने उरलेली बाटली मोरीत ओतली, हळूहळू, अस्थी सोडाव्यात तशी.

"डोळे मिटा," मागून अनिएल्लो म्हणाला. "सोपं जातं."