त्या शनिवारचा दोष

ब्रिटाला रक्त गेल्याची बातमी देवापर्यंत पोचायच्या आधी नॉर्डबी गावातल्या सगळ्या बायकांपर्यंत पोचली. त्यात देवाची काही चूक नव्हती. मध्ये साखळी होती.

साखळी म्हणजे ल्यूथरन चर्चची प्रार्थनेची साखळी. कुणावर संकट आलं की घरच्यांनी एका बाईला फोन करायचा, तिने दुसरीला, दुसरीने तिसरीला, आणि फोन ठेवल्यावर प्रत्येकीने प्रार्थना करायची. प्रार्थनेला तसा वेळ उरत नसे, कारण पुढचा फोन खोळंबलेला असे.

ब्रिटाला सहावा महिना लागला होता. शनिवारी संध्याकाळी तिने आणि लेलंडने, नवराबायको घरात दोघेच असताना जे करतात ते केलं, आणि छान केलं. रविवारी सकाळी तिला चड्डीवर रक्ताचा डाग दिसला. लेलंड साखर कारखान्याच्या काट्यावर बीटचे ट्रक वजन करून घ्यायचा. ट्रक उलटला तरी हा गडी "अरेच्चा" यापलीकडे जात नसे. पण त्या डागापायी त्याने काउंटीच्या हॉस्पिटलापर्यंत गाडी अशी हाणली की वाटेतले दोन्ही सिग्नल लाल होते की हिरवे हे पाहायचीही सवड त्याला मिळाली नाही. ब्रिटाला आत नेल्यावर त्याने आईला फोन केला. आईने विचारलं, काय झालं? आईशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. त्याने सगळं सांगितलं. शनिवारसकट.

त्याची आई मार्लिस साखळीची पहिली कडी होती.

"बाळ मजेत आहे," आत डॉक्टर पेनर सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवून सांगत होत्या. "या दिवसांत गर्भाशयाचं तोंड नाजूक होतं. जरासा धक्का लागला तरी थोडं रक्त येतं. तुमची वार, म्हणजे प्लॅसेंटा, वरच्या बाजूला आहे, तोंडावर नाही. पाणी गळत नाहीये, कळा नाहीत. घाबरू नका."

"मग आता पुढे... आम्ही दोघं..." फोन ठेवून आत आलेला लेलंड छताला विचारत होता.

"रक्त पूर्ण थांबू दे, मग चालेल. वार तोंडावर असती, पाणी गळत असतं, वेळेआधी कळा यायची भीती असती, तर मीच नाही म्हटलं असतं. तुमचं तसं काही नाही. पुन्हा रक्त दिसलं तर मात्र लगेच फोन करा."

ब्रिटाला वेगळंच विचारायचं होतं. ते तिने चादरीचा कोपरा पिळत विचारलं. "पण शेवटी माझं पोट दगडासारखं झालं होतं. म्हणजे, अगदी त्या वेळी."

"ऑरगॅझमच्या वेळी गर्भाशय आवळतं. थोड्या वेळाने आपोआप सैल पडतं. तुमच्यासारख्या धडधाकट बाईला त्याने कळा सुरू होत नाहीत, बाळालाही इजा होत नाही. ते पाण्यात आहे. फार तर झोका मिळाला असेल."

ऑरगॅझम हा शब्द ऐकल्याबरोबर लेलंडने भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचना वाचायला घेतल्या. त्या त्याने शेवटपर्यंत वाचल्या. त्यामुळे आग लागली असती तर नॉर्डबीत सगळ्यात तयारीचा माणूस तोच होता, आणि डॉक्टरांचं निम्मं बोलणं त्याने ऐकलंच नव्हतं.

घरी आले तर पायरीवर हॉटडिश.

खिमा, बटाटे आणि डब्यातलं मश्रूमचं सूप एका ट्रेमध्ये भाजायचं, त्याला नॉर्डबीत हॉटडिश म्हणतात, आणि दुःखही त्यातच मोजतात. पाय मोडला की एक. कारखान्याने कामावरून काढलं की दोन. कॅन्सर झाला की शेजाऱ्याचा फ्रीजही लागतो. ब्रिटाच्या पायरीवर कॅन्सरएवढे ट्रे होते. प्रत्येकाच्या बुडाला मालकिणीच्या नावाची चिकटपट्टी. एकावरच्या कागदावर लिहिलं होतं, 'तुम्हा दोघांना संयम लाभो.'

"यांना कसं कळलं?" ब्रिटा म्हणाली.

"आईला सांगितलं मी."

"काय सांगितलंस?"

"झालं ते."

"शनिवारचं?"

"तिने विचारलं ना."

"अरे, तिने विचारलं म्हणून? उद्या तुझा बॉस विचारेल, कसं काय, तर त्यालाही सांगशील?"

"त्याला माहीत आहे," तो म्हणाला. "त्याची बायको साखळीत आहे."

मंगळवारी मार्लिस पिकअपमध्ये दोन लोखंडी पलंग घालून आली. चर्चच्या मुलांच्या शिबिरातले, एकेकट्याने झोपायचे. उशाच्या पट्टीवर पोरांनी खिळ्याने नावं कोरलेली.

"मी काही म्हणत नाहीये," ती म्हणाली. नॉर्डबीत जे काही म्हणायचं असतं ते असंच सुरू होतं. "पलंग नुसते पडून होते, एवढंच."

"डॉक्टर म्हणाल्या, चालतं."

"हो का? बरी आहे ती बाई. नदीपलीकडची ना?" नदी उडी मारून ओलांडता येईल एवढी होती, पण पलीकडे दुसरं राज्य लागायचं.

"मार्लिस, तुम्हाला वाटतं का, की आमच्यामुळे बाळाला काही होईल?"

"अगं, मी कशाला काही वाटून घेऊ?" मार्लिसने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "गारठा काय पडलाय नाही यंदा! लेलंड, जिन्यात भिंतीला घासू नकोस रे, रंग जाईल."

लेलंड पलंग वर नेत होता. ब्रिटा त्याच्याकडे पाहत राहिली. त्याने वर पाहिलं नाही, कारण खरोखरच भिंतीला घासायचा धोका होता.

त्यानंतर तो तिला अंड्यांच्या ट्रकसारखं जपू लागला. तिला बशी उचलू देईना. बूट तोच घालून द्यायचा, आणि घालताना बोट पोटरीला लागलं की "सॉरी" म्हणायचा. लग्नाच्या बायकोला सॉरी म्हणणारा नवरा पाहून बाहेरच्या कुणी त्याला सभ्य म्हटलं असतं.

"हात तरी धर, लेलंड," एकदा ती तिच्या पलंगावरून म्हणाली.

"नको गं," तो त्याच्या पलंगावरून म्हणाला. "एकातून एक वाढतं."

असे दोन महिने गेले. रक्ताचा एक थेंब पुन्हा दिसला नाही. मार्लिसने ते पलंगांच्या खात्यावर जमा केलं. ब्रिटालाही हळूहळू वाटायला लागलं की असेलही. डॉक्टरांचं बोलणं तिने नीट ऐकलं होतं, पण डॉक्टर एक होत्या आणि साखळी मोठी होती. शिवाय तिला आठवायचं की त्या शनिवारी ती हसली होती, मोठ्याने, तोंडावर उशी न घेता. नॉर्डबीत एवढ्या आनंदाची किंमत नंतर कुणीतरी वसूल करतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

आठव्या महिन्यात एका सकाळी नाश्ता झाला तरी बाळ हललं नाही. ती थंड दूध प्यायली, डाव्या कुशीवर पडून राहिली. मग तिने लेलंडला काही न सांगता कोट घातला. तिला पाहून त्यानेही घातला.

पडद्यावर सगळं होतं. डोकं, पाठीच्या मण्यांची माळ, मूठ. फक्त हलणारं काही नव्हतं. डॉक्टर पेनरनी यंत्र बाजूला ठेवलं आणि खुर्ची ओढून ब्रिटाच्या अगदी जवळ बसल्या. तेव्हाच तिला कळलं. चांगली बातमी लोक उभ्यानेच सांगतात.

मुलगी होती. दुसऱ्या दिवशी झाली, पूर्ण, केसांसकट. तिचं नाव इंगा ठेवलं. डॉक्टरांनी दोघांना नाळ दाखवली. तिला गाठ होती, साधी, बुटाच्या नाडीला पडते तशी, आणि ती घट्ट ओढली गेली होती.

"अशी गाठ बहुतेक वेळा बाळ लहान असताना पडते," त्या म्हणाल्या. "आत जागा असते, ते पोहतं, वेटोळ्यातून जातं. पुष्कळ बाळं अशी गाठ घेऊन सुखरूप जन्मतात. हिची आवळली. बाहेरून कुणी ती पाडू शकत नाही, आणि कुणी सोडवू शकत नाही."

"शनिवारी पडली असेल का?" लेलंडने विचारलं.

"कुठल्या शनिवारी?"

ब्रिटाने सांगितलं.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. तुम्ही केलेल्या कशाचाच नाही."

लेलंडने मान हलवली. काट्यावर एखादा ड्रायव्हर वजनाबद्दल खोटं बोलला की तो तशीच हलवायचा.

जमीन दगडासारखी गोठली होती. खड्डा एप्रिलशिवाय खणता येणार नव्हता, तोवर पेटी कबरस्तानाच्या शेडमध्ये थांबणार होती. इंगाला जन्मायला वेळेआधी यावं लागलं आणि पुरायला थांबावं लागलं. इंगासाठीच्या प्रार्थनेच्या दिवशी, आत जायच्या आधी, चर्चसमोर गाडीत बसल्या बसल्या ब्रिटा म्हणाली, "मला तुझ्याकडून एकच हवंय. प्रार्थनेनंतर खाली तळघरात जेवायला बसतील, तेव्हा सगळ्यांना सांग."

"काय?"

"डॉक्टर म्हणाल्या ते. आपल्यामुळे झालं नाही म्हणून. तुझ्या तोंडून गावभर झालं, आता तुझ्याच तोंडून मिटू दे."

"सगळ्यांसमोर?"

"देवासमोर नको. त्याला माहीत आहे."

तळघरात लांब टेबलं लावली होती. हॅमचे सँडविच, गाजर घातलेली पिवळी जेली, मोठ्या किटलीत पाण्याहून जरा काळी कॉफी. बायका एकेक करून ब्रिटापाशी येत होत्या, तिचा दंड दाबत होत्या.

"देव क्षमा करतो, पोरी."

"तरुणपणात कुणाला कळतं?"

"पुढच्या वेळी सांभाळाल."

एक म्हातारी काहीच बोलली नाही, नुसती रडली. ब्रिटाला तिला मिठी मारावीशी वाटली. पण रडता रडता म्हातारी म्हणाली, "मी अगदी रोज प्रार्थना केली गं, तुमच्या संयमासाठी."

लेलंड खुर्च्या लावत होता. लावायच्या संपल्या तेव्हा त्याने लावलेल्या सरळ केल्या. ब्रिटा त्याच्याकडे पाहत राहिली. शेवटी सरळ करायलाही काही उरलं नाही, तेव्हा तो टेबलांच्या मधोमध उभा राहिला आणि खाकरला. नॉर्डबीत लेलंड टॉर्गर्सन आपणहून खाकरला हीच बातमी होती. सगळे चघळायचे थांबले.

"मला सांगायचंय," तो म्हणाला. "लोक... म्हणजे कुणी काही म्हटलेलं नाही. पण ब्रिटाचा यात काही दोष नाही."

ब्रिटाने श्वास सोडला. कितीतरी दिवसांचा होता.

"तिची काही चूक नाही," लेलंडचा आवाज फाटला. "माझी आहे. त्या दिवशी मीच तिच्याजवळ गेलो. जे झालं ते माझ्यामुळे झालं. तिला कुणी बोलू नका."

तळघरात एक मोठा, समाधानाचा उसासा फिरला. मार्लिस उठली, लेकाला तिने जवळ घेतलं, जे तिने त्याच्या लग्नातही केलं नव्हतं. पुरुष येऊन त्याच्या खांद्यावर थोपटू लागले. त्याच्या बॉसने त्याला स्वतःची कॉफी दिली. गेले दोन महिने सगळ्यांना जे वाटत होतं त्याच्याखाली आता बापानेच सही केली होती, आणि तीही इतक्या मोठ्या मनाने. त्या गर्दीतून लेलंडने ब्रिटाकडे पाहिलं. जड कपाट एकट्याने माडीवर चढवून ठेवलेल्या माणसासारखा, दमलेला, जरा शाबासकीच्या आशेने.

"चल," ती म्हणाली.

बाहेर त्याने काचेवरचा बर्फ खरवडला, गाडी सुरू केली, गरम व्हायला ठेवली. दोघं आत बसून राहिले.

"असं का बोललास?"

"तुझ्यावरचं काढून घेतलं."

"काढून घ्यायला होतं काय? तू स्वतः ती गाठ पाहिलीस!"

"कुणीतरी घ्यायला हवं होतं ना," तो म्हणाला. "सगळे थांबले होते."

"कुणीच घ्यायचं नव्हतं, लेलंड. कुणाचं नव्हतंच ते. पोर पोहत होती. बस्स."

"मग कशाने झालं?"

"कशानेच नाही."

"तसं कसं?" तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच रडायला लागला, तोंड मिटून, नाकाने. "माझ्यामुळे झालं म्हटलं तर पुढच्या वेळी मी काही करू तरी शकतो. हात लावायचा नाही, एवढं तरी. कशानेच झालं नाही तर मी करू काय?"

ब्रिटाने त्याचा हात धरला. त्याने तो तिच्या हातात तसाच राहू दिला, पण धरला नाही. ती वाट पाहत राहिली. काच आतून आधी धुरकट झाली, मग हळूहळू निवळली. मग तिने त्याचा हात उचलून त्याच्याच मांडीवर ठेवला आणि दार उघडलं.

"कुठे चाललीस? काही राहिलं का?"

"हो."

ती पायऱ्या उतरून तळघरात गेली. पुरुष वर गेले होते. बायका ओट्यापाशी भांडी धूत होत्या, पुसत होत्या, आणि मार्लिस जेलीचं भांडं खरवडत सांगत होती की लेलंड आधीपासूनच असा आहे, सगळं स्वतःवर घेतो. ब्रिटाला पाहून तिने नळ बंद केला.

"काय गं, दमलीस का? बस. कॉफी देऊ?"

"द्या," ब्रिटा म्हणाली. "आणि तुम्हीही बसा. सगळ्याच बसा. त्या शनिवारी काय झालं, आणि त्याने काय झालं नाही, ते मी सांगते. काही शब्द तुम्हाला आवडणार नाहीत."

"अगं, आम्ही कुठे काही म्हटलं—"

"नाही ना म्हटलं? मग आता ऐका."

कुणी बसेना. ब्रिटाने स्वतःसाठी खुर्ची ओढली, आणि कोट काढून पाठीमागे टांगला, कारण वेळ लागणार होता.