माणिकबाईंच्या दह्याची गोळी

मी गोळी बोलतेय. डोकेदुखीची नव्हे हो! साबुदाण्याहूनही लहान आहे मी. माझ्या पोटात दह्यातले जीव राहतात. काही जिवंत, काही केव्हाच गेलेले. सगळ्यांना पोटाशी धरून बसणं, एवढंच माझं आयुष्य.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात माझा जन्म झाला. तिथे अबोली कामाला आहे. पोटाला चांगले असलेले जंतू नाचणीसत्त्वात घालायचे, पण जठरातल्या आम्लात ते मरू नयेत म्हणून आधी त्यांना कवच चढवायचं, हे तिचं काम. हात बसावा म्हणून तिनं मुलुंडच्या घरून आईच्या विरजणातलं चमचाभर नेलं, समुद्री शेवाळाच्या चिकात कालवलं, थेंब थेंब पाडून गोळ्या केल्या आणि वरून आतड्यात गेल्यावरच विरघळणारी लाख चढवली. नंतर कौतुकानं बाटली घरी दाखवायला आणली.

"अगं, माझ्या दह्याला चिलखत कशाला?" तिची आई, माणिकबाई, मला तळहातावर घेऊन हसल्या. तो हात ऊबदार होता. आतले सगळे जीव त्या उबेला ओळखत होते.

थोड्याच दिवसांत माणिकबाई अचानक गेल्या. शेजारच्या क्षमाकाकूंनी चांगल्या मनानं घर आवरलं, फ्रीज रिकामा केला आणि विरजणाची वाटीही घासून पालथी घातली. माणसांची ही सवय मला कळत नाही. माणूस गेलं की त्याच्या हातचं सगळं इतक्या घाईनं का धुतात?

अबोलीच्या बाबांना, विद्याधररावांना, दह्याशिवाय भात जाईना आणि विकतचं दही तोंडात धरवेना. ते ताट सारून उठत. शेवटी अबोलीनं गाळ्यातल्या फ्रीजमध्ये परत नेऊन ठेवलेली माझी बाटली आणली. तळाशी आम्ही चिमूटभर उरलो होतो. सकाळी तिनं आम्हा सगळ्यांना वाटीभर कोमट दुधात सोडलं.

दुधाचा वास आला आणि आतले जीव जागे झाले. पण लाख दुधात विरघळेना. दिवसभर ते आतून धडका देत होते. मला फार भीती वाटली. ज्यांना जपायचं, त्यांचीच मी कबर झाले होते.

संध्याकाळी अबोली हातात खल घेऊन धावत आली. "बाबा, वाटी कुठाय? माझंच चुकलं, गोळ्या चिरडायला हव्या होत्या!"

"प्यायलो गं. दही लागलंच नव्हतं. दूध फुकट जायला नको म्हणून..."

"सगळं? तळाचंसुद्धा?"

"हो. साबुदाण्यासारखं काहीतरी होतं. का गं?"

ती ओट्याला टेकून खाली बसली. "आईचं विरजण होतं ते, बाबा. शेवटचं."

विद्याधररावांनी पोटावर हात ठेवला. बराच वेळ तो हात तिथेच होता. "किती दिवस राहील आत?"

"खात राहिलास तर थोडे दिवस. उपाशी पोटी नाही टिकायचं ते."

ते पाटावर बसले. "वाढ मग. भात वाढ."

घास उतरू लागले तेव्हा मी जठर ओलांडून पुढे आले होते. इथे माझी लाख सुटतेय. जिवंत होते ते बाहेर पडताहेत. माझं काम संपलं, मी निघते. विद्याधरराव, उद्याही जेवा हं. आत माणिकबाईंकडची माणसं आलीत.