घरचं दूध

रानात कांदा कापायचा सोडून सोजराबाई सुनेवर तुटून पडली.

"तुझ्या माहेरचं रगातच नासकं! आमच्यात कुणाला असलं झालं न्हाई."

पूनम खाली मान घालून कांद्याची पात कापत राहिली. बाभळीखाली पाच वर्षांची पिंकी डोक्याला फडकं बांधून बसली होती. तीन वर्षं झाली, पोरीचं डोस्कं आन् कानामागं सारखं चिघळायचं. औषधानं आठ दिस सुकायचं, पुन्हा पाणी धरायचं. शेवटी पुण्याच्या डॉक्टरनं मायलेकींचं रक्त घेतलं. म्हणाला, हा एक विषाणू असू शकतो, तो आईच्या दुधातनं लेकराला जातो.

दुपारी पूनमचा नवरा, विक्रम, रिपोर्ट घेऊन थेट रानात आला.

"पिंकीच्या रक्तात निघाला. पूनमच्या न्हाई."

"मंग आला कुठनं?" सोजराबाईनं इचारलं.

"डॉक्टर इचारत्यात, दुसऱ्या कुणी पाजलं व्हतं का?"

सोजराबाईला पाच वर्सांमागचं आठवलं. बाळंतपणात पूनम तापानं फणफणली, तिला दूधच उतरलं न्हाई. तवा लेक अपेक्षा बाळंतपणाला माहेरी होती. सोजराबाईनंच पिंकीला तिच्या पदराखाली दिलं होतं, चांगलं वरीसभर. "घरचं दूध हाय," असं गावभर सांगितलं होतं.

"पण अपेक्षा तर ठणठणीत हाय रं!"

"लई जणांत दिसतच न्हाई म्हणं. तिचं रक्त तपासाय पायजे. तवर तिनं लेकराला पाजू नये."

अपेक्षाची धाकटी पाच महिन्यांची होती. सोजराबाई तशीच उठली.

"मी बी येते, आत्या," पूनम म्हणाली.

चौफुल्यावरनं यष्टी धरून दोघी अपेक्षाच्या सासरी न्हावऱ्याला पोचल्या, तर अपेक्षा ओट्यावर धाकटीला पाजत बसलेली. आईला बघून हसली. सोजराबाई ओट्याखालीच थांबली. शेवटी पूनमनंच जवळ बसून सगळं सांगितलं.

अपेक्षानं धाकटीला बाजूला केलं. अंगणात खेळणाऱ्या थोरल्याकडं बघत ऱ्हायली.

"वैनी, त्यालाबी मीच पाजलंय." मग आईकडं वळली. "आय, माझ्यात कुठनं आसंल हे?"

"माझ्यातनं, बये. दुसऱ्या कुणाचं दूध तू प्यालीच न्हाईस." सोजराबाईनं सुनेकडं बघितलं. "पूनम, उद्या माझं बी रगात तपासाय द्यायचं."

पूनम चुलीवर गाईचं दूध तापवाय आत गेली. धाकटी हंबरडा फोडून आईच्या छातीकडं तोंड नेत होती. अपेक्षानं पदर गच्च आवळून धरला, तरी झंपर दुधानं भिजतच होता.