साडूचा प्रोसेसर

प्रतिभाने जुन्या बनियनच्या चिंधीने प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसली आणि तो चौकोनी तुकडा खिडकीच्या उजेडात धरला.

"वाच," खाटेवरून तिचे सासरे रघुनाथराव म्हणाले. "जरा मोठ्यानं वाच, गल्लीला ऐकू जाऊ दे."

"पेंटियम फोर. तीन गिगाहर्ट्झ."

"आणि माझ्या साडूचा?"

"कोअर टू डुओ. वन पॉइंट एट सिक्स."

"झालं मग! तीन मोठे, का दोनलाही न पोचलेलं ते? पहिलीतलं पोट्टं सांगेल."

"बाबूजी, शिंगं मोठी म्हणून बैल जास्त ओढतो असं नाही. दोन्ही लावून बघू."

रघुनाथरावांना हे लागलं. पेपर मिलमध्ये नोकरीला असताना त्यांनी हा कॉम्प्युटर घेतला, तेव्हा असीरगडावरून नजर पोचेल तेवढ्या मुलखात एवढा तेज डबा दुसरा नव्हता. निदान तेव्हापासून ते तसं सांगत आले होते. चालू केला की त्याच्या पंख्याच्या वाऱ्यावर शेजारणीचे पापड वाळायचे. हिशेब घातला की बेरीज आधी यायची आणि आकडे मागून धापा टाकत यायचे. शाहपुरच्या नंदकुमाररावांनी, म्हणजे त्यांच्या साडूंनी, पुढे दोनेक वर्षांनी कॉम्प्युटर घेतला. त्याचा आकडा ऐकून रघुनाथराव लग्नाच्या पंगतीत इतके हसले की मठ्ठा नाकात गेला. ते हसू साडू विसरले नव्हते. आता त्यांच्या कॉम्प्युटरचा बोर्ड जळाला, तेव्हा आतला प्रोसेसर तेवढा काढून काल ते स्वतः घेऊन आले. "तुमच्या बोर्डात बसतो हा, खाच एकच आहे," असं म्हणाले आणि चहासुद्धा न घेता, मिशीत हसत परत गेले.

पण आज प्रश्न साडूचा नव्हता. ज्या स्टुडिओत प्रतिभा लग्नाच्या फिल्मा कापायची-जोडायची, तिथल्या मालकाशी वाजलं आणि तिने काम सोडलं. "घरातल्या डबड्यावर फिल्म बनवणार? बनव," असं तो चार लोकांत म्हणाला होता. त्यानंतर आठवडाभर तिने या डबड्यावरच बहादरपुरच्या एका केळीवाल्या घराण्यातलं लग्न कापलं, जोडलं. आज रात्री आठला रिसेप्शनमध्ये मोठ्या पडद्यावर ती फिल्म दाखवायची होती. राहिलं होतं ते रेंडर, म्हणजे सगळे तुकडे दळून एक फिल्म करणं. ते काम प्रोसेसरचं. चुकीचा बसला तर मंडपात पडदा पांढराच राहणार, आणि स्टुडिओवाल्यालाही तिथे जेवणाचं आमंत्रण होतं.

सकाळी तिने साडूचा प्रोसेसर लावून हळदीचा एक तुकडा दळून पाहिला होता. स्वतः घड्याळ लावलं होतं. अठ्ठावीस मिनिटं लागली. आता तिने पेंटियम बसवला, वर पंखा ठेवून चारी खुंट्या दाबल्या आणि तोच तुकडा पुन्हा दळायला टाकला.

"मी बहादरपुरहून मुलाकडच्यांच्या मोबाइलमधल्या क्लिपा घेऊन येते. तुम्ही इथंच बसा. संपलं की पडद्यावरची खिडकी आपोआप बंद होते, म्हणून किती वेळ लागला तेवढं भिंतीवरच्या घड्याळात बघून ठेवा."

"हलणार नाही. मला काय, मी एकदा कलेक्टरची वाट बघत..."

ती जिना उतरून गेलीसुद्धा.

रघुनाथरावांनी खाट टेबलाजवळ ओढली. घरात दुसरं कुणी नव्हतं. बायको यमुनाबाई जैनाबादला दुसऱ्या बहिणीकडे, मुलगा भूषण नोकरीच्या गावी. काय सांगायचं ते त्यांनी आधीच ठरवलं होतं. मशीन कितीही वेळ घेवो, सांगायची वीस. संध्याकाळी साडू येतील तेव्हा त्यांना समोर बसवायचं आणि प्रतिभाच्या तोंडून वदवायचं.

पंखा घोंघावायला लागला. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीसारखी सरकत होती. अठ्ठावीस मिनिटं झाली तेव्हा ती निम्म्याला जरा पुढे होती. रघुनाथरावांनी डब्याच्या पाठीवर थाप मारली.

"चल राजा. चल माझ्या ढवळ्या."

राजा तापला होता. पत्र्याला हात लावला तर चटका बसला. कीबोर्डशेजारी प्रतिभाची सकाळची पोह्यांची बशी तशीच होती, चार घास खाल्लेली. वरचं लिंबू वाळून गेलं होतं. रघुनाथराव बशीकडे बघत राहिले. मग घड्याळाकडे. मग पुन्हा बशीकडे. त्यांनी ती उचलून आत ठेवली, झाकण घातलं आणि परत येऊन बसले.

पट्टी शेवटाला पोचली तेव्हा एक्कावन्न मिनिटं झाली होती.

प्रतिभा आली ती घामाघूम, ओढणी गळ्यात अडकलेली, मोबाइल हातात.

"किती?"

रघुनाथरावांनी तोंड उघडलं. वीस जिभेवर तयार होते.

"एक्कावन्न," ते म्हणाले.

प्रतिभा हसली. "म्हणजे पंचवीस. जिंकले तुम्ही बाबूजी! बरं झालं, आता खोलायचं कामच नाही. याच्यावरच टाकते."

या घरात एक कायदा होता. यमुनाबाईंनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी केलेला, आणि सून आली तेव्हा दागिन्यांबरोबर तिच्या अंगावर घातलेला. रघुनाथरावांचं अर्धं धरायचं. रेशनच्या लायनीत दोन तास उभे होते म्हणजे एक तास. तापीकाठी बारा फुटांचा अजगर दिसला म्हणजे सहा फुटांचा. तोही बहुधा दोर. ताटकळल्याचं तर नक्कीच अर्धं, कारण तिथे त्यांचा हात फार सैल सुटायचा. रघुनाथरावांना हा कायदा ठाऊक होता. त्यांना तो आवडायचासुद्धा. अर्धं कापलं जाणारच, म्हणून ते बेफिकीर दुप्पट सांगायचे.

प्रतिभा खुर्चीत बसून मोबाइलची वायर जोडत होती. आता नुसतं गप्प बसायचं होतं. पेंटियम आत बसलेलाच होता. जिंकलेलाच होता. खोटं बोलायचीसुद्धा गरज उरली नव्हती.

"सूनबाई, खरंच एक्कावन्न."

"हो हो. बसून बसून पाठ मोडली असेल ना?"

"तुझी शपथ."

"तुमच्या शपथाही आई अर्ध्याच धरतात." तिने क्लिपा उतरवल्या, शेवटच्या जागी जोडल्या. तीन वाजायला आले होते. माउसचा बाण रेंडरवर गेला.

रघुनाथराव गुडघ्यांवर हात ठेवून उठले, टेबलाखाली वाकले आणि बटण बंद केलं.

पडदा काळा झाला.

"बाबूजी! हे काय?"

"सेव्ह केलं होतं ना?"

"केलं होतं, पण..."

"मग सरक."

त्यांनी डब्याचा बाजूचा पत्रा काढला. दोनदा तिला करताना पाहिलं होतं, तसंच. चारी खुंट्या फिरवल्या आणि पंखा उचलला. खालचा प्रोसेसर इतका तापलेला की बोट भाजलं. "आयव," म्हणत त्यांनी ते तोंडात घातलं, दुसऱ्या हाताने त्याला दाबून धरणारी दांडी वर केली, त्या तीन गिगाहर्ट्झला नखाने उचकटलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

"आता बसव साडूचा. दुसरा नाहीच तुझ्याकडे."

प्रतिभा त्यांच्याकडे पाहत राहिली. ते भाजलेलं बोट चोखत खिडकीबाहेर बघत होते. शपथ नाही, किस्सा नाही, काहीच नाही. तिने पेस्टचा ठिपका टाकला, दांडी दाबली आणि डबा चालू केला.

सात वाजायच्या आत फिल्म पेनड्राइव्हमध्ये होती.

त्याच सुमारास खाली ओट्याशी मोटरसायकल थांबली. नंदकुमारराव रिसेप्शनच्या कडक कपड्यांत आले होते. बहादरपुरला जाता जाता वाट वाकडी करून. ओट्यावर रघुनाथराव आणि गल्लीतली नेहमीची मंडळी बसली होती.

"काय साडूभाऊ, कोणाचा बसवला मंग?" नंदकुमाररावांनी उतरायच्या आधीच विचारलं.

मंडळी सरसावून बसली.

"तुमचा," रघुनाथराव म्हणाले. "काय करता! आधी आमचा लावला, तर फिल्म एवढी तेज पळाली, एवढी तेज पळाली, की नवरीनं माळ घालायच्या आत ती सासरी पोचलेली. विहिणी रडायच्याच राहून गेल्या. भटजी मंगलाष्टकं म्हणतोय आणि मांडवात खुर्च्या उचलतायत! मीच म्हटलं, सूनबाई, लोकांना झेपणार नाही. साडूचा लाव, संथ असतो बिचारा."

ओटा हसला. नंदकुमारराव हसले नाहीत. त्यांनी जिन्याच्या दाराकडे पाहिलं. प्रतिभा तोंडाला ओढणी बांधत, स्कूटीची किल्ली घेऊन बाहेर येत होती.

"काय प्रतिभा, हे किती धरायचं? नेहमीसारखं अर्धं?"

प्रतिभाने स्कूटीला किल्ली लावली.

"नाही काकाजी. आज पूर्ण धरा."

आणि ती कोपऱ्यावरून वळून गेली.

मंडळी रघुनाथरावांकडे बघत होती. गोष्ट अजून बरीच बाकी होती, पण पुढचं काही त्यांना सुचेना.